मनगटातील संगम

रविवारच्या मिस्सानंतर पनवेलच्या आमच्या घरी मामा चहाला थांबले, की घरातली मुले त्यांच्या डाव्या हाताभोवती जमतात. सदऱ्याची बाही वर सारून मामा कोपराची घडी पुढे करतात आणि मुले आळीपाळीने तिला कान लावतात. आत एक अखंड घरघर चाललेली असते. "आजोबा, तुमची एस. टी. अजून चालूच आहे," असे धाकटी म्हणते. आयुष्याची तीस वर्षे ज्यांनी पनवेल आगारातून गाड्या काढल्या ते मामा मान डोलावून उत्तर देतात, "चालू आहे म्हणून तर मी आहे, बाय."

ही घरघर जन्मजात नव्हे. मामांची दोन्ही मूत्रपिंडे काही वर्षांपूर्वी निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस चार तास, त्यांचे रक्त यंत्रातून शुद्ध होऊन अंगात परत येते. या यंत्राला दर मिनिटास सुमारे तीनशे मिलिलीटर रक्त लागते. कातडीखालची साधी शीर इतके रक्त देऊ शकत नाही. बळेच ओढू गेले तर ती चिपकते. धमनीत रक्त भरपूर असते, पण ती खोल असते आणि तिला वारंवार सुई टोचणे धोक्याचे. तेव्हा शल्यचिकित्सक हातातील एक धमनी आणि तिच्या शेजारची एक शीर यांच्या बाजूंना छेद देऊन ती दोन तोंडे परस्परांना शिवून टाकतात. धमनीचे रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यात न शिरता सरळ शिरेत उतरते, शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि काही आठवड्यांत ती जाड सुया सोसण्याजोगी बनते. यालाच रुग्ण, सिस्टर, टेक्निशियन, सारेच 'फिस्टुला' म्हणतात. मराठीत कोणी संगम म्हणावे असे मला वाटते, पण रुळलेला शब्द मोडण्यात अर्थ नाही.

हा संगम माणसाने मुद्दाम घडवण्यापूर्वी कितीतरी वर्षे तो चुकून घडत होता. युरोपात एके काळी जवळपास प्रत्येक व्याधीवर रक्त काढणे हा उपाय असे. कोपराच्या घडीतील शीर फोडली जाई. ती शीर जिथे असते तिथेच खाली हाताची मुख्य धमनी असते. नस्तर थोडे खोल गेले, की दोन्हींना एकदमच भोक पडे, आणि जखम भरून आली तरी आतली वाट उघडीच राही. लंडनमधील नामांकित शरीरविच्छेदक विल्यम हंटर यांनी १७५७ साली अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. शीर फुगलेली, तिच्यावर बोट ठेवले तर थरथर जाणवते, कान लावला तर फुसफुस ऐकू येते, असे त्यांनी नोंदवले. संगमाच्या वरच्या अंगाची धमनी मोठी होते हेही त्यांनी टिपले होते. रक्ताचा ओघ वाढला तर वाहिनी आपण होऊन रुंदावते, या सत्याची ही फार जुनी साक्ष होय; मात्र तिचा अर्थ उकलायला पुढे दोन शतकांहून अधिक काळ लागला. पुढे १८७५ साली निकोलादोनी यांनी आणि १८९० साली ब्रॅनहॅम यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. असा संगम बोटाने दाबून बंद केला, की नाडी मंदावते. म्हणजे हातातल्या एवढ्याशा भोकाची खबर थेट हृदयापर्यंत पोहोचलेली असते.

रक्तमोक्षणाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. सुश्रुतसंहितेत शीर फोडण्याचे शास्त्र जसे आहे तसेच जळवांचेही आहे. आमच्या पनवेलला आयुर्वेदाची जुनी परंपरा आहे. 'श्री धूतपापेश्वर' हा औषधी कारखाना १८७२ पासूनचा. त्यामुळे जळू हा शब्द येथील जुन्या माणसांना परका नाही. गंमत अशी, की कृत्रिम मूत्रपिंडाची पहिली पावलेही जळवांच्याच आधाराने पडली. १९१३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एबेल, राउनट्री आणि टर्नर या तिघांनी कुत्र्यांचे रक्त पातळ पडद्याच्या नळ्यांतून फिरवून शुद्ध करून दाखवले. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांच्या डोक्यांतून काढलेले हिरुडिन हे द्रव्य वापरले. १९२४ साली जर्मनीतील गीसेन येथे गेओर्ग हास यांनी माणसावर पहिला प्रयोग केला. पडद्यातून लहान कण निघून जातात व मोठे मागे राहतात या क्रियेला 'डायलिसिस' हे नाव त्याआधी १८६१ साली स्कॉटिश रसायनज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी देऊन ठेवले होते.

परंतु यंत्र सिद्ध झाले तरी रक्त बाहेर आणायचे कोठून, हा प्रश्न उरलाच. त्याची खरी झळ विलेम कोल्फ यांना बसली. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना कांपेन या लहानशा गावी या तरुण डॉक्टरांनी सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. मार्च १९४३ मध्ये त्यांनी एकोणतीस वर्षांच्या एका स्त्रीवर उपचार सुरू केले. दर खेपेस नवीन जागी कातडी कापून वाहिनी उघडी करायची, तिच्यात नळी बसवायची आणि काम संपले की ती वाहिनी बांधून टाकायची. बारा वेळा हे झाले. त्यानंतर उघडायला वाहिनीच उरली नाही आणि ती स्त्री गेली. यंत्र चालू होते, रक्त शुद्ध होत होते. वाट संपली होती. कोल्फ यांचे पहिले सोळा रुग्ण बहुतेक दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये सतराव्या रुग्णाला, सदुसष्ट वर्षांच्या एका बाईला, जीवदान मिळाले. नाझींना साथ दिल्याबद्दल ती तेव्हा कैदेत होती. गावातील अनेकांना तिच्याविषयी मुळीच प्रेम नव्हते. डॉक्टरांनी मात्र तिच्या मूत्रपिंडांचाच विचार केला.

त्या बाईचे मूत्रपिंड काही दिवसांनी आपोआप पुन्हा काम करू लागले, म्हणून एकदोन खेपांत भागले. ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली त्यांच्यासाठी १९६० पर्यंत काहीच नव्हते. त्या वर्षी सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी, मनात घोळणारा विचार मध्यरात्री एकाएकी स्पष्ट व्हावा तसा, एक साधा उपाय शोधला. धमनीत एक नळी, शिरेत एक नळी, आणि दोन्ही तोंडे कातडीबाहेर आणून एका वाकड्या नळीने कायमची जोडून ठेवायची. डायलिसिसच्या वेळी जोड सोडायचा, नंतर परत लावायचा. नळ्या टेफ्लॉनच्या होत्या. त्यांना आकार दिला वेन क्विंटन या अभियंत्याने. ९ मार्च १९६० रोजी बोइंग कारखान्यातील क्लाइड शील्ड्स या यंत्रकामगाराच्या हातात ही पहिली जोडणी बसली. ते मृत्यूच्या दारात होते. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले.

आता यंत्रे थोडी आणि रुग्ण पुष्कळ अशी स्थिती आली. कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी सिअ‍ॅटल येथे सात जणांची समिती नेमली गेली. तिच्यात एक धर्मोपदेशक, एक वकील, एक बँकव्यवहारी गृहस्थ, एक गृहिणी, एक कामगार पुढारी असे समाजातील निरनिराळे लोक होते. रुग्णाला मुले किती, तो नोकरी काय करतो, चर्चला जातो की नाही, असल्या गोष्टींचाही ते विचार करीत. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकात शेना अलेक्झांडर यांनी हे सारे उघडकीस आणले, तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. चर्चला नियमित जाणाऱ्या माणसाच्या पारड्यात एक वजन अधिक पडावे, यात धर्माचा गौरव झाला असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. १९७२ साली अमेरिकी संसदेने कायदा करून या उपचाराचा खर्च सरकारकडे घेतला, तेव्हा त्या निवडीची गरज संपली.

स्क्रिब्नर यांची नळी हा मोठाच शोध होता, पण कातडीतून बाहेर डोकावणारी परकी वस्तू शरीर फार काळ सहन करीत नाही. नळीत रक्त गोठे, तोंडाशी पू धरे, झोपेत ती निसटली तर जीव धोक्यात येई. काही महिन्यांनी जागा बदलावी लागे. म्हणजे कोल्फ यांना भेडसावणारा प्रश्न थोडा लांबला होता, सुटला नव्हता.

तो सोडवला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात. जेम्स चिमिनो आणि मायकेल ब्रेशिया हे तेथील दोन डॉक्टर. वैद्यकीय शिक्षण घेत असताना चिमिनो यांनी बेलव्ह्यू रुग्णालयात रक्तदात्यांच्या शिरेतून रक्त काढण्याचे काम केले होते. दंडाला पट्टा आवळून शिरेतून बऱ्यापैकी रक्त मिळवता येते हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. १९६२ साली दोघांनी साध्या सुईने शिरेतून डायलिसिस करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अंगात पाणी साठून शिरा तट्ट फुगलेल्या असत तोवर ती चाले. रुग्ण सुधारला, पाणी उतरले, की शिरा सपाट होत आणि रक्त मिळेनासे होई. बरे होणे हीच अडचण व्हावी असा प्रकार. त्यांच्या ध्यानात आले, की कोरियाच्या युद्धात गोळ्या लागलेल्या काही सैनिकांच्या अंगात धमनी-शिरेचे असे चुकून झालेले संगम वर्षानुवर्षे असतात आणि त्यांपैकी पुष्कळांना त्याचा त्रासही नसतो. मग असा संगम लहान प्रमाणात, योग्य जागी, मुद्दाम का करू नये? सहकारी शल्यचिकित्सक केनेथ अ‍ॅपेल यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये मनगटापाशी पहिली शस्त्रक्रिया केली. धमनीला आणि शिरेला बाजूने तीन ते पाच मिलिमीटरचा छेद, आणि रेशमाची शिवण. बाहेर काही नाही, परकी वस्तू नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांचा निबंध आला. त्याच वर्षी कृत्रिम अवयवांच्या परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा श्रोत्यांनी तिचे थंडपणेच स्वागत केले. तिचे मोल चटकन ओळखणाऱ्यांत स्क्रिब्नर होते; स्वतःच्याच शोधाला मागे टाकणारी गोष्ट त्यांनी मनापासून वाखाणली. १९६८ साली जर्मनीतील र्‍योल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेचे टोक धमनीच्या बाजूला शिवण्याची रीत पुढे आणली. आज बहुतेक ठिकाणी तीच चालते.

येथपर्यंतची कथा डॉक्टरांची झाली. आता रक्ताची.

शिवण ही फक्त सुरुवात असते. शस्त्रक्रियेच्या दिवशी शीर जेमतेम दोनतीन मिलिमीटर रुंद असते. ती सहा मिलिमीटरची व्हावी, तिच्यातून मिनिटाला सहाशे मिलिलीटर रक्त वाहावे, ती कातडीखाली सहा मिलिमीटरहून खोल नसावी आणि सहा आठवड्यांत तिची तपासणी व्हावी, असा 'सहाचा नियम' अमेरिकी मार्गदर्शिकेने २००६ साली घालून दिला. हे रुंदावणे शल्यचिकित्सकाच्या हातात नसते. ते काम रक्ताचा ओघच करतो.

कसे, ते पाहू. फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांतून द्रव वाहवून एक नियम काढला. नळीची त्रिज्या दुप्पट केली तर, दाब तोच ठेवूनही, प्रवाह दुप्पट किंवा चौपट होत नाही, सोळापट होतो. याची उलट बाजू अशी, की वाहिनी निम्मी अरुंद झाली तर त्या भागाचा अडथळा सोळापट वाढतो. मामांच्या हाताच्या सुखदुःखाचे अर्धे गणित या एका नियमात आले.

उरलेले अर्धे गणित घर्षणाचे आहे. वाहते रक्त वाहिनीच्या आतल्या अस्तराला सतत घासत जाते. हे घर्षण अत्यंत सूक्ष्म असते, पण अस्तराच्या पेशींना ते जाणवते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रिचर्ड टोमा यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या वाहिन्या न्याहाळून १८९३ साली लिहिले, की जेथून रक्त वेगाने वाहते ती वाहिनी रुंद होते आणि जेथे वेग मंदावतो ती आक्रसते. पुढे १९८० साली जपानी संशोधक कामिया व तोगावा यांनी कुत्र्याच्या मानेतील धमनी शिरेला जोडून अनेक महिन्यांनंतर मोजमाप घेतले. प्रवाह कितीतरी वाढला होता. धमनी रुंदावली होती. आणि भिंतीवरचे घर्षण जवळजवळ मूळ पातळीवर परत आले होते. जणू अस्तराला आपले नेहमीचे घर्षण पाठ असते आणि ते पुन्हा मिळेपर्यंत ते भिंत सारीत राहते.

यातले गणित शाळेतील मुलालाही करता येईल. सरळ नळीत घर्षण हे प्रवाहाच्या प्रमाणात वाढते आणि त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला समजा पंचवीस मिलिलीटर रक्त वाहते. संगमानंतर ते तीनशे झाले, म्हणजे बारापट. मग घर्षणही बारापट. ते पूर्ववत व्हायचे तर त्रिज्येचा घन बारापट व्हायला हवा, म्हणजे त्रिज्या सुमारे २.३ पट. वाहिनी रुंदावली, की प्वाझय यांच्या नियमाने प्रवाह आणखी वाढतो, घर्षण पुन्हा चढते, वाहिनी आणखी रुंदावते. हात धरून चढणारी ही दोन पावले जेथे थांबतात तेथे फिस्टुला 'तयार' झाला असे म्हणतात. खरी वाहिनी सरळ नसते आणि रक्त ठोक्याठोक्याने वाहते, म्हणून हे गणित ढोबळ आहे, पण दिशा खरी आहे.

अस्तर भिंतीला निरोप कसा पाठवते, हेही १९८० नंतर उलगडले. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांना त्या वर्षी दिसले, की अस्तर शाबूत असेल तरच वाहिनीचे स्नायू सैल पडतात. अस्तर खरवडले गेले तर पडत नाहीत. अस्तरातून निघणारा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले. घर्षण वाढले की अस्तर हा वायू अधिक सोडते. दरम्यान शिरेला दुसऱ्या एका बलाशीही जुळवून घ्यावे लागते, ते म्हणजे धमनीचा दाब. एरवी शिरेने असा दाब कधी पाहिलेलाच नसतो. तो भिंतीला बाहेरच्या बाजूला ताणतो, आणि ताण सोसण्यासाठी शीर आपली भिंत जाड करते. घर्षण रुंदी देते, दाब जाडी देतो. दोन्हींचा मेळ बसला तर उत्तम.

तो नेहमी बसत नाही. याचे कारण समजून घेण्यासाठी मला आमच्या गाढी नदीची आठवण होते. माथेरानच्या डोंगरातून ती पावसाळ्यात धडाडत उतरते तेव्हा तिचे पात्र स्वच्छ धुतलेले असते. पण खाडीजवळ, जिथे तिचा वेग मरतो आणि भरती-ओहोटीचे पाणी पुढेमागे सरकत राहते, तिथे गाळ बसतो. पनवेल एके काळी गजबजलेले बंदर होते. खाडी भरत गेली आणि ते दिवस सरले. संगमापाशी रक्ताचेही असेच होते. धमनीतून आलेला झोत शिरेच्या समोरच्या भिंतीवर आदळतो, वळणाच्या बाहेरच्या अंगाने वेगाने निघून जातो आणि आतल्या कोपऱ्यात रक्ताचा भोवरा घुटमळत राहतो. तेथे घर्षण कमी असते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याची दिशा दर ठोक्याला उलटसुलट होते. ओघ एका दिशेने, जोरात, न थांबता घासत असेल तर अस्तर शांत राहते. तो पुढेमागे हेलकावत असेल तर अस्तर बिथरते, खालच्या स्नायुपेशी आतल्या बाजूस सरकून वाढू लागतात आणि वाट अरुंद होते. लंडनचे कॉलिन केरो यांनी १९६९ पासून दाखवून दिले होते, की हृदयविकाराला कारण होणारे मेदाचे थरही धमन्यांत अशाच कमी घर्षणाच्या जागी बसतात. नदीच्या उपमेत एक उणीव मात्र आहे. नदीतला गाळ बाहेरून येतो. येथे भिंत स्वतःच वाढून वाट अडवते. म्हणून तो उपसून काढून काम भागत नाही.

हा भेद एका मोठ्या चाचणीने ठसठशीत केला. अमेरिकेत ८७७ रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे क्लोपिडोग्रेल हे रक्त गोठू न देणारे औषध दिले, काहींना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. २००८ साली निकाल आला. औषध घेणाऱ्यांत फिस्टुला गोठण्याचे प्रमाण १९.५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर उतरले. पण सुया टोचण्याजोगा न होणाऱ्या फिस्टुलांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ६० टक्केच राहिले. गाठ टाळली, तरी वाहिनी वाढली नाही.

त्या ६० टक्क्यांत आमच्या मामांचा पहिला फिस्टुला होता. त्याची कथा सांगतो, कारण आपल्या घरोघरी ती घडू शकते. मूत्रपिंडे खराब होत चालली आहेत हे त्यांना दोन वर्षे आधीपासून ठाऊक होते. त्या काळात दुसऱ्याच आजारासाठी ते एका इस्पितळात दहा दिवस होते. मामा उजव्या हाताने जेवतात म्हणून सलाइनची सुई डाव्या मनगटाजवळच्या शिरेत बसवली. ती सुजली की थोडी वर. पुन्हा सुजली की आणखी वर. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. मामांच्या सोयीसाठीच सारे चालले होते. पण पुढे फिस्टुला करायची वेळ आली तेव्हा तीच शीर लागणार होती, आणि ती आतून जागोजागी व्रणांनी कडक झाली होती. शस्त्रक्रिया झाली, थरथर लागली, मामांनी महिनाभर रबरी चेंडू दाबला. शीर काही रुंदावली नाही. अस्तरच खरवडले गेले असेल तर ओघ निरोप देणार कोणाला? दीड महिन्याने एका सकाळी थरथर थांबली. मग मानेतील मोठ्या शिरेत तात्पुरती नळी, तिच्यातून आलेला ताप, आणि अखेर कोपरापाशी दुसरा फिस्टुला. मामी त्या ताप-दिवसांविषयी अजूनही बोलत नाहीत.

म्हणून ज्यांना मूत्रपिंडाचा विकार जडला आहे, साखर वा रक्तदाब यांनी ज्यांची मूत्रपिंडे हळूहळू खालावत आहेत, त्यांनी न वापरत्या हाताच्या शिरा आधीपासून राखायच्या असतात. रक्ततपासणी असो वा सलाइन, हाताच्या पंजाची मागची बाजू पुढे करावी आणि तसे तोंडाने सांगावे. सांगायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. मामांनाही वाटला होता. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगड्या वा घड्याळ घालू नये, त्याच्यावर डोके ठेवून झोपू नये. रोज सकाळी बोटे ठेवून थरथर पाहावी. ती मऊ आणि अखंड असेल तर ठीक. तिच्या जागी नुसता कडक ठोका लागू लागला तर पुढे कोठे तरी वाट तुंबली आहे; घरघरीची जागा उंच शिटीने घेतली तर रक्त एखाद्या चिंचोळ्या फटीतून पळते आहे. थरथर एकदम थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. काही तासांच्या आत वाट मोकळी करता येण्याची आशा असते. डायलिसिसनंतर रक्तदाब फार उतरला तर ओघ मंदावून फिस्टुला गोठू शकतो, म्हणून त्या दिवशी घरच्यांनी विशेष लक्ष द्यावे. उलट संगम फार मोठा झाला तर बोटांना रक्त कमी पडते, ती गार पडतात, आणि हृदयाला सारा जादा ओघ वाहून न्यावा लागतो. निकोलादोनी व ब्रॅनहॅम यांनी पाहिलेली मंदावणारी नाडी येथे पुन्हा भेटते.

आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण झाले, आणि हळूहळू या विद्येची केंद्रे वाढली. तरी रायगडच्या माणसाला डायलिसिससाठी मुंबईच गाठावी लागे. भल्या पहाटे निघून परळच्या रुग्णालयासमोर फूटपाथवर बसलेली आमच्या बाजूची माणसे मी पाहिली आहेत. पुढे दोन गोष्टींनी चित्र बदलले. पनवेलमध्येच डायलिसिसची सोय झाली, आणि राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. यंत्राचा खर्च त्यामुळे पुष्कळांच्या आवाक्यात आला. फिस्टुला मात्र महिना-दोन महिने आधी करून ठेवावा लागतो, आणि आपले बहुतेक रुग्ण अगदी धाप लागल्यावर दाखल होतात. त्यांची सुरुवात मानेतल्या नळीने होते. योजनेच्या कागदावर हा उशीर दिसत नाही.

ब्रेशिया आणि चिमिनो यांचे पुढे काय झाले, हे मला बरेच उशिरा कळले. ज्यांच्या नावाने जगभर ही शस्त्रक्रिया ओळखली जाते त्या दोघांनी पुढची कित्येक वर्षे ब्राँक्समधील कॅल्व्हरी हॉस्पिटलात घालवली. हे कॅथोलिक रुग्णालय आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यावर आलेल्या रुग्णांची तेथे शुश्रूषा होते. १९०० च्या आधीच्या वर्षी न्यूयॉर्कमधील काही स्त्रियांनी, बहुतेक विधवांनी, मरणोन्मुख गरिबांसाठी एक घर उघडले. त्यातून ते उभे राहिले. १८४२ साली फ्रान्समधील ल्यों शहरात जान गार्निए या तरुण विधवेने सुरू केलेल्या कार्याचा आदर्श त्यांच्यासमोर होता. चिमिनो तेथे वैद्यकीय संचालक झाले आणि ब्रेशिया यांनी त्या संस्थेची वैद्यकीय धुरा अनेक दशके वाहिली. जे बरे होणार नाहीत त्यांच्या वेदना शमवणे हेच तेथील काम. मनगटातल्या संगमाने हजारो माणसांचा मृत्यू वर्षांनी पुढे ढकलणारे हे दोन डॉक्टर रोज अशा खाटांपाशी जात, जिथे ढकलण्यासारखे काही उरलेले नसे.

मी हे मामांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांची नावं पुन्हा सांग." मी सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांची डायलिसिसची पाळी होती. तेथील नवीन टेक्निशियन मुलगी रक्तदाबाचा पट्टा घेऊन डाव्या बाजूला आली, तेव्हा मामांनी तिला हसून उजवा हात दिला. नंतर डावा पुढे करून म्हणाले, "आधी याला हात लावून बघ, बाय. चालू आहे ना?"